मत वेगळे, पंगत एकच

इंग्लंड आणि वेल्सच्या 2021 च्या जनगणनेत स्वतःला ख्रिस्ती म्हणवणारे 46.2 टक्के निघाले. दहा वर्षांपूर्वी ते 59.3 टक्के होते. आपला कोणताही धर्म नाही असे सांगणारे 37.2 टक्के झाले. एके काळी आयर्लंडमधून जगभर धर्मगुरू आणि सिस्टर जात. तिथे 2015 साली समलिंगी विवाहाला 62 टक्के मतदारांनी कौल दिला आणि 2018 साली गर्भपातावरची घटनेतली बंदी उठवण्याच्या बाजूने 66 टक्के मते पडली. वसई, मुंबई, पुणे, अहिल्यानगर, गोवा इथली आपली मुले नर्स म्हणून, केअर होममध्ये, आयटीत किंवा शिकायला ज्या देशांत जात आहेत, ते देश आज असे आहेत.

याचा धक्का आपल्याला जरा जास्तच बसतो. 1813 साली अमेरिकन मराठी मिशनची माणसे मुंबईत आली. वसईत पोर्तुगीज त्याच्या कितीतरी आधी आले होते. त्यामुळे पाश्चात्त्य देश म्हणजे ख्रिस्ती देश ही समजूत आपल्या घराघरांत मुरली आहे. तिथे गेल्यावर मुलांना दिसते की कोपऱ्यावरच्या जुन्या चर्चचे फ्लॅट झाले आहेत. वॉर्डात बरोबर काम करणारी, रुग्णांची मनापासून सेवा करणारी मुलगी सहज सांगते की तिने बायबल कधी उघडूनही पाहिलेले नाही. मग काही मुले धर्माविषयी बोलणेच सोडून देतात. काहींना प्रत्येक गप्पांत वाद उकरून काढावासा वाटतो. इकडे आईवडील फोनवर उपदेश करतात, तिकडे फोन लवकर ठेवला जातो. यातून मार्ग आहे. तो आपल्या श्रद्धेतच आहे आणि बऱ्याच अंशी आपल्या मराठी ख्रिस्ती इतिहासातही आहे.

पहिले काम तांदूळ निवडण्याचे. मतभेदाचा प्रसंग आला की आधी स्वतःला विचारावे: हा मुद्दा श्रद्धेचा आहे, सदसद्विवेकाचा आहे की नुसत्या सवयीचा? ख्रिस्त मेलेल्यांतून उठला, हा श्रद्धेचा मुद्दा. ऑफिसच्या पार्टीत वाइन घ्यावी की नाही, हा ज्याच्या त्याच्या विवेकाचा. उपासनेला मुलाने शॉर्ट्स घालून यावे का, गिटार वाजवावी की ऑर्गन, हा सवयीचा. रोमच्या मंडळीला लिहिलेल्या पत्राच्या चौदाव्या अध्यायात पौलाने अशीच निवड केली आहे. तिथे कोणी सगळे खात होते, कोणी फक्त भाजीपाला. कोणी ठरावीक दिवस पाळत होते, कोणी सगळे दिवस सारखे मानत होते. पौलाला स्वतःचे मत होते आणि ते त्याने लपवले नाही. पण खाणाऱ्याने न खाणाऱ्याला तुच्छ लेखू नये आणि न खाणाऱ्याने खाणाऱ्याला दोष लावू नये, यावर त्याचा सगळा जोर आहे.

आपली पंचाईत अशी की ज्यांना आपण ख्रिस्ती संस्कार म्हणतो, त्यांतले बरेच काही एकोणिसाव्या शतकातल्या ब्रिटिश आणि अमेरिकन मध्यमवर्गाचे रीतिरिवाज आहेत. मिशनऱ्यांनी सुवार्तेबरोबर ते आणले, आपण श्रद्धेने सांभाळले. आज त्या मिशनऱ्यांच्या पणतवंडांनी ते सोडून दिलेले पाहून आपल्याला वाटते की त्यांनी ख्रिस्तालाच सोडले. कधी ते खरे असते, कधी मुळीच नसते. हे न तपासता मुलांवर ओरडणे अन्यायाचे आहे.

अशी निवड कशी करावी, हे पंडिता रमाबाईंकडून शिकावे. त्या 1883 साली इंग्लंडला गेल्या, वाँटेज इथल्या अँग्लिकन सिस्टरांकडे राहिल्या आणि त्याच वर्षीच्या 29 सप्टेंबरला त्यांनी बाप्तिस्मा घेतला. पंचविशीतली विधवा, बरोबर दोन वर्षांची मनोरमा, देश परका, भाषा नवी आणि आधार त्या सिस्टरांचाच. अशा वेळी कोणीही मान डोलावून गप्प बसला असता. रमाबाई बसल्या नाहीत. त्यांनी शाकाहार सोडला नाही. क्रूसावरची अक्षरे लॅटिनमध्येच का, संस्कृतात का नकोत, असे विचारले. ख्रिस्ताला त्यांनी मनापासून स्वीकारले होते, पण अथानासियसचा मतांगीकार त्यांना त्या वेळी पटत नव्हता आणि तसे त्यांनी स्पष्ट लिहून कळवले. चेल्टनहॅमच्या लेडीज कॉलेजात त्या शिकत होत्या आणि संस्कृत शिकवत होत्या. त्यांनी पुरुष विद्यार्थ्यांना शिकवावे अशी कल्पना निघाली, तेव्हा हिंदुस्थानातल्या बिशपांनी हरकत घेतली; ती रमाबाईंनी पत्रांतून मुद्देसूद खोडून काढली.

त्यांच्या धर्ममाता सिस्टर जेराल्डीन या पत्रांनी दुखावल्या. त्यांची उत्तरेही कडक असत. तरीही दोघींचे नाते तुटले नाही. रमाबाई त्यांना पत्रांत आजीबाई म्हणत राहिल्या. मनोरमेच्या इंग्लंडमधल्या शिक्षणाची काळजी याच सिस्टरांनी वाहिली. आणि जेराल्डीन यांनी ही सगळी पत्रे, स्वतःला टोचणारी पत्रेसुद्धा, नीट जपून ठेवली. त्यांनी संकलित केलेला हा पत्रव्यवहार 1977 साली अ. भि. शहा यांनी संपादित केला आणि महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळाने प्रसिद्ध केला. ज्यांची मुले परदेशात आहेत त्यांनी तो जरूर मिळवून वाचावा. दोन श्रद्धावान स्त्रिया एकमेकींशी किती तीव्रतेने भांडू शकतात आणि तरी एकमेकींच्या राहू शकतात, हे त्यात पानोपानी दिसते.

पाश्चात्त्य संस्कृतीकडे कसे पाहावे, हेही रमाबाईंनी दाखवले. अमेरिकेतल्या मुक्कामावर त्यांनी मराठीत पुस्तक लिहिले, ते 1889 साली निघाले. तिथल्या स्त्रियांच्या संस्था, शाळा, लोकांनी एकत्र येऊन कामे उभारण्याची रीत यांचे त्यांनी भरभरून कौतुक केले. त्याच पुस्तकात काळ्या लोकांना आणि मूळ रहिवाशांना मिळणाऱ्या वागणुकीवर त्यांनी कठोर टीकाही केली. त्या भारावून गेल्या नाहीत आणि नाक मुरडून परतही आल्या नाहीत. आजच्या मुलांना मी हेच सांगेन. कॅनडा किंवा ब्रिटन वाईट आहे असे ठरवून विमानात बसू नका. तिथे अपंग माणसाला बसमध्ये चढता यावे म्हणून ड्रायव्हर बस थांबवून रॅम्प काढतो. दुर्बळाची ही कदर आपल्या शुभवर्तमानातली आहे. ती जिथे दिसेल तिथे आनंद माना आणि तिला दाद द्या.

दुसरे काम ऐकण्याचे. ते अवघड आहे, कारण समोरचा बोलत असताना आपण उत्तर जुळवत असतो. लोयोलाच्या संत इग्नेशियसने सोळाव्या शतकात लिहिलेल्या ‘आध्यात्मिक साधना’ या पुस्तकाच्या सुरुवातीलाच यावर एक नियम घालून दिला आहे. दुसऱ्याच्या बोलण्याचा चांगला अर्थ लागत असेल तर आधी तो लावावा. लागत नसेल तर त्यालाच विचारावे की तुझे म्हणणे नेमके काय आहे. तरीही चूक वाटली तर प्रेमाने दुरुस्त करावे. आपण बहुतेक वेळा थेट शेवटच्या पायरीवर उडी मारतो, तीही प्रेमाशिवाय.

समजा टोरांटोहून मुलीचा फोन आला. “पप्पा, मी आणि डॅनियल जुलैपासून एकाच घरात राहणार आहोत. लग्नाचं नंतर बघू.” पप्पांच्या तोंडी पहिले वाक्य येते, “लोक काय म्हणतील?” या वाक्याने संवाद तिथेच संपतो. मुलीला कळते की प्रश्न देवाचाही नाही आणि तिचाही नाही, गावाचा आहे. त्याऐवजी असे बोलता येईल: “बाय, तू मला आधी सांगितलंस हे बरं केलंस. तुम्ही दोघांनी असं का ठरवलं, ते मला नीट सांग.” मग खरोखर ऐकावे. कदाचित भाड्याचा प्रश्न असेल. कदाचित तिने जवळच्या मैत्रिणीचे लग्न मोडताना पाहिले असेल आणि तिला लग्नाची भीती बसली असेल. ऐकून झाल्यावर आपले म्हणणे एकदा, स्पष्ट आणि पूर्ण सांगावे: “आमच्या श्रद्धेत लग्न म्हणजे देवासमोर दिलेला शब्द. तो शब्द आधी, घर नंतर, असं मला मनापासून वाटतं. तू विचार कर. तुझं घर इथे आहेच.” पुढच्या प्रत्येक फोनवर तोच विषय काढू नये. मुलीला बापाचे मत पाठ असते. ती त्याच्या आवाजात माया आहे का, हे शोधत असते. आणि डॅनियलची विचारपूस करायला विसरू नये.

परक्याचे ऐकणे म्हणजे आपली श्रद्धा पातळ करणे, अशी भीती अनेकांना वाटते. लेस्ली न्यूबिगिन यांचे आयुष्य पाहिले की ती जाते. हे इंग्लिश मिशनरी 1936 साली तमिळ मुलखात आले. कांचीपुरमला रामकृष्ण मठात ते नियमाने बसत आणि आळीपाळीने उपनिषद व योहानाचे शुभवर्तमान वाचले जाई. चर्च ऑफ साउथ इंडिया स्थापन झाले तेव्हा, 1947 साली, ते मदुराईचे बिशप झाले. 1974 मध्ये ते मायदेशी परतले आणि पुढे बर्मिंगहॅमच्या विन्सन ग्रीन या गरीब वस्तीत, तुरुंगासमोरच्या एका छोट्या मंडळीचे पाळक झाले. तिथल्या लोकांची उदासीनता त्यांना हिंदुस्थानातल्या विरोधापेक्षा जड वाटली. मग त्यांनी ठरवले की मिशनरी जसा परक्या देशाची भाषा आणि देव-धर्म शिकतो, तसा आपल्या आधुनिक इंग्लंडचाही अभ्यास करायचा. हे लोक कशाला सत्य मानतात, कशाला नुसते वैयक्तिक मत म्हणतात, त्यांना भीती कशाची वाटते, हे त्यांनी शोधले. त्यांची या विषयावरची पुस्तके 1980 च्या दशकात आली आणि आजही धर्मशिक्षणाच्या महाविद्यालयांत वाचली जातात. ख्रिस्तावरचा त्यांचा विश्वास तसूभरही कमी झाला नव्हता.

पौलानेही अथेन्समध्ये हेच केले होते. मूर्तींनी भरलेले शहर पाहून त्याचा जीव तळमळला, असे प्रेषितांच्या कृत्यांचा सतरावा अध्याय सांगतो. पण भाषण करायला उभा राहिला तेव्हा त्याने अज्ञात देवाच्या वेदीपासून सुरुवात केली आणि दाखला दिला तो ग्रीक कवींचा. मनातली तळमळ खरी होती, तोंडातली भाषा आदराची होती.

आता एक कठीण गोष्ट. पश्चिमेत चर्चविषयी जो राग आहे, त्यातला काही भाग आपल्या माणसांनी कमावलेला आहे. कॅनडात मूळ रहिवाशांच्या दीड लाखांहून अधिक मुलांना घरांपासून तोडून निवासी शाळांत ठेवले गेले. त्यांतल्या बहुतेक शाळा चर्चसंस्था चालवत होत्या. तिथल्या सत्य आणि समेट आयोगाचा अंतिम अहवाल 2015 साली आला, आणि जुलै 2022 मध्ये पोप फ्रान्सिस यांनी आल्बर्टातल्या मास्क्वाचीस इथे जाऊन त्या लोकांची माफी मागितली. आयर्लंडमध्ये चर्चच्या संस्थांतल्या मुलांवर झालेल्या अत्याचारांचा अहवाल 2009 साली प्रसिद्ध झाला. एखादा सहकारी या गोष्टी काढेल तेव्हा “सगळेच तसे नसतात” असे लगेच म्हणू नये. ते खरे असले तरी त्या क्षणी तो बचाव वाटतो. “हे घडले, ते पाप होते आणि मला त्याची लाज वाटते,” एवढे म्हणावे आणि थांबावे. पुढे कधी तोच माणूस निवांतपणे बसेल, तेव्हा त्याला विचारता येईल की दुर्बळ मुलावरचा अन्याय तुला एवढा असह्य का वाटतो, हे माप तुझ्याकडे कुठून आले. रोमन जगात नको असलेले अर्भक उघड्यावर टाकून देण्याची रीत होती आणि सुरुवातीच्या ख्रिस्ती लोकांनी ती नाकारली. आज चर्चला ज्या मापाने मोजले जाते, ते माप घडवण्यात बायबलचा हात मोठा आहे. पण हा मुद्दा माफीनंतरचा. आधी काढला तर तो निव्वळ वकिलीपणा ठरेल.

कामाच्या जागी काय करावे, हा प्रश्न परदेशी गेलेल्या मुलांना सर्वाधिक छळतो, म्हणून त्यावर जरा सविस्तर सांगतो. ब्रिटनमध्ये 2010 च्या समानता कायद्याने धर्म आणि श्रद्धा यांना संरक्षण दिले आहे. त्याच कायद्याने लैंगिक कलालाही दिले आहे. दोन्ही एकाच कायद्यात आहेत हे पहिल्या दिवसापासून ध्यानात ठेवावे. ब्रिटिश एअरवेजच्या एका कर्मचारी बाईंना गळ्यातला छोटा क्रूस दिसेल असा घालू दिला नव्हता. जानेवारी 2013 मध्ये युरोपीय मानवी हक्क न्यायालयाने निकाल त्यांच्या बाजूने दिला. त्याच निकालात एका नर्सबाईंची तशीच मागणी फेटाळली गेली, कारण रुग्ण सांभाळताना साखळी अडकून इजा होऊ शकते, हे रुग्णालयाचे म्हणणे न्यायालयाला पटले. आणि समलिंगी जोडप्यांची नोंदणी करायला नकार देणाऱ्या सरकारी नोंदणी अधिकारी बाईही त्याच निकालात हरल्या. म्हणजे श्रद्धा बाळगण्याचा आणि ती दिसू देण्याचा हक्क भक्कम आहे. सेवा नाकारण्याचा हक्क फार तोकडा आहे.

बेलफास्टच्या एका बेकरीचे प्रकरण याच्या पुढचे. गिऱ्हाइकाने समलिंगी विवाहाच्या पाठिंब्याचा मजकूर लिहिलेला केक मागितला, ख्रिस्ती मालकांनी नकार दिला. 2018 साली ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने एकमताने मालकांच्या बाजूने निकाल दिला. मालकांचा आक्षेप माणसाला नव्हता, मजकुराला होता, आणि जे पटत नाही ते लिहायची सक्ती कोणावर करता येत नाही, हा त्याचा आधार. न्यायालयाने केलेला हा फरक मला रोजच्या वागण्यातही उपयोगाचा वाटतो. माणसाला कधीच नाकारू नये. जे पटत नाही त्यावर सही करायला मात्र नम्रपणे नाही म्हणता येते. समलिंगी सहकाऱ्याबरोबर जेवावे, त्याच्या आजारी जोडीदाराची चौकशी करावी, त्याची थट्टा चालली असेल तर ती थांबवावी. तो देवाच्या प्रतिमेचा माणूस आहे, एवढे कारण पुरेसे आहे.

नर्स आणि मिडवाइफ म्हणून जाणाऱ्या मुलींनी आणखी एक गोष्ट माहीत करून घ्यावी. इंग्लंड, वेल्स आणि स्कॉटलंडला लागू असलेल्या 1967 च्या गर्भपात कायद्याच्या चौथ्या कलमात सदसद्विवेकाला न पटणाऱ्या उपचारात भाग न घेण्याची सवलत आहे. पण ग्लासगोच्या दोन मिडवाइफच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 2014 साली ती प्रत्यक्ष सहभागापुरती मर्यादित ठरवली. इतर कर्मचाऱ्यांवर देखरेख करण्याचे काम त्यात येत नाही. शिवाय रुग्णाचा जीव धोक्यात असेल तर ही सवलत नाहीच. म्हणून नोकरी स्वीकारतानाच, शांतपणे आणि लेखी, आपली अडचण कळवावी. ऐन ड्यूटीवर नकार दिला तर ओझे दुसऱ्या नर्सवर पडते, आणि ती ख्रिस्ती माणसांविषयी काय समज करून घेईल ते सांगायला नको. नोकरीच्या जागी युनियन असेल तर तिचे सभासद व्हावे.

चर्चच्या आतले मतभेद याहून जास्त दुखतात. अमेरिकेतल्या युनायटेड मेथडिस्ट चर्चमधून समलिंगी विवाहाच्या वादावरून काही वर्षांत सुमारे चौथाई मंडळ्या बाहेर पडल्या. चर्च ऑफ इंग्लंडमध्ये 2023 पासून समलिंगी जोडप्यांसाठीच्या आशीर्वादाच्या प्रार्थनांवरून ताण आहे. आपले मूल अशा एखाद्या मंडळीत जाईल. तिथल्या पाळकांचे मत आपल्याला पटले नाही तर ते ख्रिस्तीच नाहीत असा शिक्का मारू नये. आपल्या चर्चची शिकवण काय आहे ती नीट जाणून घ्यावी, जिथे ती स्पष्टपणे शिकवली जाते अशा मंडळीत जावे, आणि इतरांशी आदराने वागावे. आपल्याला याचा अनुभव आहे. 1970 साली नागपूरला सहा चर्च एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झाले. त्यांत बाळांना बाप्तिस्मा देणारे होते आणि फक्त प्रौढांना देणारेही होते. शतकानुशतकांचा वाद होता, युरोपात त्यावरून माणसे मारली गेली होती. आपल्याकडे दोन्ही रीती मान्य करून एकत्र राहायचे ठरले आणि तसे राहत आहेत. हे सोपे नव्हते, पण घडले.

वादात हरण्याची तयारीही हवी. सी. एस. लुईस हे ऑक्सफर्डच्या सॉक्रेटिक क्लबचे अध्यक्ष होते. तिथे श्रद्धावान आणि नास्तिक समोरासमोर वाद घालत. फेब्रुवारी 1948 मध्ये एलिझाबेथ अॅन्सकोम या तरुण तत्त्वज्ञ बाईंनी लुईस यांच्या चमत्कारांवरच्या पुस्तकातला एक युक्तिवाद सर्वांसमोर उलगडून त्यातली कच्ची बाजू दाखवली. त्या स्वतः निष्ठावान कॅथलिक होत्या. म्हणजे चुकीचा युक्तिवाद आपल्या बाजूचा असला तरी तो चुकीचाच, हे त्यांनी पाळले. लुईस यांनी 1960 च्या आवृत्तीसाठी ते प्रकरण नव्याने लिहिले, आणि त्यांचा हा प्रामाणिकपणा अॅन्सकोम यांनी पुढे छापून नोंदवला. आपल्या मुलाने विद्यापीठातून येऊन एखादा प्रश्न विचारला आणि उत्तर आले नाही, तर “मला माहीत नाही, आपण दोघे शोधू” असे म्हणायला बापाने का कचरावे?

व्हॉट्सअॅपविषयी एवढेच सांगतो. परदेशात ख्रिस्ती लोकांचे काय हाल चालले आहेत याच्या ज्या पोस्ट फिरतात, त्या पुढे पाठवण्याआधी मूळ बातमी शोधावी. सापडली नाही तर पाठवू नये. खोटी साक्ष देऊ नये ही आज्ञा फॉरवर्डलाही लागू आहे.

शेवटी आपल्या धर्मग्रामांना आणि मंडळ्यांना विनंती आहे. परदेशी निघालेल्या मुलासाठी आपण प्रार्थना करतो, हार घालतो, फोटो काढतो. त्याआधी दोन संध्याकाळी त्याच्याबरोबर बसा. तिकडे दहा वर्षे काम करून आलेली नर्स बोलवा, एखादा वकील बोलवा. त्या देशाचा कायदा, तिथल्या चर्चची आजची स्थिती, तिथली माणसे विचारतील ते अवघड प्रश्न, सगळे मोकळेपणाने बोलू द्या. मुलांच्या तोंडून शंका आल्या तर फादरांनी आणि पाळकांनी त्या रागावून दाबू नयेत. आईवडिलांनाही त्या खोलीत बसवा. येत्या सप्टेंबरच्या प्रवेशांसाठी मुले निघण्यापूर्वीच हे सुरू करा.